आजचं शब्दकोडं, २५ आडवा आणि आठ जण (उत्तरं फोडली आहेत, न सोडवलेल्यांनी खाली उतरू नये)

खोडरबर, सकाळी ९:३४
साडेनऊ वाजून गेले, म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे आता उत्तरं फोडायला मोकळीक आहे. ज्यांचं व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने शंख करू नका.

काळा चौकोन, आधी दंडवत घ्या. रोजच्या कोड्याला तुम्ही काहीतरी सूत्र ठेवताच, सोमवारी भाज्या झाल्या, काल नद्या झाल्या, पण ते आपलं "आज सगळे पदार्थ" टाइप असतं, दोन उत्तरं आली की बाकीची अंदाजाने भरता येतात. आज मी डोंबिवलीला गाडीत चढल्यापासून बघतोय, केसरी, दुकान, बंगाल, ह्यांचा एकमेकांशी काय संबंध? टिळकांपर्यंत गेलो, बंगालच्या फाळणीपर्यंत गेलो, स्वदेशीचं दुकान असेल म्हटलं, म्हणजे सूत्र स्वातंत्र्यलढा! स्वतःवर एवढा खूष झालो की घाटकोपर कधी गेलं कळलं नाही. मग १६ आडव्याला कोपरगाव आलं आणि सगळा लढा बारगळला.

शेवटी २५ आडवा. "पायापासून सुरू करा आणि आठ जणांना शोधत वर जा (५)". मी पायथा, पायरी, पायवाट सगळं करून बसलो. मग २१ उभा "पासपोर्टला लागते, वशिल्यालाही लागते" म्हणजे ओळख, तिने ख दिला. २४ उभा "कुंपणानेच खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची (२)" म्हणजे शेत, त्याने त दिला. _ ख _ _ त. दादरला उतरता उतरता जिन्यात पेटलं, नखशिखांत! मागून धक्के बसत होते आणि मी जिन्यात उभा राहून मोबाईलवर वरच्या ओळी बघतोय. केसरीत केस. दुकानात कान. बंगालात गाल. हनुमानात मान. कोपरगावात कोपर. पंजाबात पंजा. घोटाळ्यात घोटा. टाचणीत टाच. आणि सगळ्यात खाली नखशिखांतमध्ये खुद्द नख. अख्खा माणूस उभा आहे हो कोड्यात!

ठाण्याची मावशी, ९:४१
अगं बाई. मी सगळं भरलं होतं आणि नखशिखांत पण लिहिलं होतं पण ते आठ जण कोण ते मला कळलंच नव्हतं, मला वाटलं अष्टविनायक. आता परत वही काढून बघते.

ठाण्याची मावशी, ९:४९
बघितलं. कान आणि गाल एकाच ओळीत शेजारी शेजारी आहेत. कोपर आणि पंजा एकाच ओळीत. घोटा आणि टाच पण एकाच ओळीत. म्हणजे नुसते वरून खाली नाहीत, जिथल्या तिथे बसवलेत! मी ह्यांना हाक मारून दाखवलं तर हे म्हणाले पोट कुठाय. ह्यांना पोटाशिवाय काही सुचत नाही.

नवशिक्या, १०:०२
मी पहिल्यांदाच पूर्ण सोडवलं, म्हणजे तीन सोडून. ३ आडवा मात्र मी मराठा लिहिलं होतं. "१८८१ च्या जानेवारीत पुण्यात पहिली डरकाळी (३)". मराठा पण त्याच महिन्यात सुरू झाला ना?

उभी रेघ, १०:०८
झाला, दोन्ही जानेवारी १८८१ चेच. पण मराठा इंग्रजीतून निघायचा आणि डरकाळी हा शब्द क्लूमध्ये उगाच नाही बसलेला, केसरी म्हणजे सिंह. शिवाय ३ उभा "एकदाच विते, पूजेला चार लागतात (२)" म्हणजे केळ, त्यामुळे सुरुवात के ने व्हायलाच हवी. आजचा मला सगळ्यात आवडलेला क्लू तो केळीचा आहे, कोकणात घर असलेल्यांना लगेच कळेल, घड उतरवला की ती केळ संपली, मग तोडायची आणि बाजूचं पिल्लू वाढवायचं. आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला चार बाजूंना चार खुंट. दोन अक्षरांच्या शब्दासाठी एवढं कोण करतं?

भाऊ सातारकर, १०:१५
१६ आडव्याला मी संगमनेर करून बसलो होतो. "शिर्डीला रेल्वे नव्हती तेव्हा भाविक इथे उतरायचे, गोदाकाठ (५)". पाच अक्षरं, नगर जिल्हा, झालं की. बायको म्हणाली संगमनेर प्रवरेवर आहे आणि तिथे कुठली आलीय गाडी. गप बसलो. ११ उभा "विकत मिळत नाही, नोकरीच्या जाहिरातीत मात्र मागतात (४)" आलं तेव्हा शेवटचं अक्षर व लागलं आणि कोपरगाव बसलं. अनुभवाने शहाणा झालो असं म्हणायला हरकत नाही.

आडमुठा, १०:३१
कौतुक चालू द्या, पण मी माझं काम करतो.

लपवाछपवीच्या कोड्याचा एक साधा नियम आहे, लपलेल्या शब्दाचा आणि ज्याच्यात तो लपलाय त्या शब्दाचा एकमेकांशी नातेसंबंध नसावा. दुकानातल्या कानाचा ऐकण्याशी संबंध नाही, घोटाळ्याचा पायाच्या घोट्याशी नाही, टाचणी आली टाचण्यावरून, टाचेवरून नाही. हे शंभर नंबरी. पण केसरी? सिंहाला केसरी म्हणतात ते आयाळीमुळे, म्हणजे केसांमुळेच. तिथे केस लपलेले नाहीत, उघड उघड भांग पाडून बसलेत. पंजाब तसाच. पंज म्हणजे पाच, पाच पाण्यांचा प्रदेश. आणि पंजा म्हणजे तरी काय, पाच बोटंच, तोच फारसी पंज. म्हणजे आठातले दोन सख्खे निघाले. हनुमानाबद्दल तर मी बोलतच नाही.

खोडरबर, १०:३५
बोला बोला, तुम्ही न बोलता राहणार आहात का.

आडमुठा, १०:३८
हनु म्हणजे जबडा, हनुवटीतला हनु. लहानपणी वज्र लागून ज्याची हनुवटी मोडली तो हनुमान. म्हणजे त्या शब्दाचा जन्मच अवयवातून झालेला आहे, त्यात परत मान शोधणं म्हणजे दवाखान्यात जाऊन पेशंट शोधण्यासारखं आहे.

काळा चौकोन, १०:४४
कोडं बनवणारा हजर आहे. केसरी आणि पंजाबबद्दल मान्य, केसरीचं माहीत होतं पण केस दुसऱ्या कशात नीट लपेनात. केसर घेतलं तर तेही आयाळीचंच घराणं. पंजाबचं पंज माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं, पाच पाण्यांवर मी स्वतःच क्लू लिहिलाय ("दोन देशांत दोन, पाणी मात्र पाचांचं") तरी नाही आलं. हनुवटी मात्र मला फुकट मिळाली, मी फक्त मान बघत होतो.

पोटाबद्दल, मावशी, काकांना सांगा पोट खूप शोधलं. पोटगी, पोटमाळा, पोटभाडेकरू, सगळे पोटाचेच. निर्मळ लपलेलं पोट मराठीत सापडलं तर कळवा, मी दुसरा भाग काढीन.

उभी रेघ, ११:०५
आता माझी तक्रार ऐका, आणि ही आडमुठ्यासारखी हौसेची नाहीये, खरी आहे.

मी १२ आडव्याला हनुमान लिहिलेलंच नव्हतं. "द्रोणागिरी पोचवणारा कुरिअरवाला (४)". मी लिहिलं हनुमंत. आता तुम्ही म्हणाल क्रॉसिंग बघायचं. बघितलं. शेवटच्या अक्षरावरून जातो ८ उभा, क्लू काय, "शब्दाला असतं, सोन्याला असतं, गावात पत असेल तर माणसालाही (३)". तुमचं उत्तर वजन. माझं उत्तर किंमत. शब्दाला किंमत, सोन्याला किंमत, माणसाला किंमत. तीन अक्षरं, शेवटी त, हनुमंतचा त. फिट्ट. दुसरं अक्षर नु, ते अनुभवातून आलं, ते दोघांत सारखंच. तिसऱ्या अक्षराला, म्हणजे मा की मं, तिथे उभा शब्दच नाहीये. म्हणजे जाळीच्या हिशोबाने माझं उत्तर तुमच्या उत्तराइतकंच बरोबर आहे!

खोडरबर, ११:०९
पण सूत्र आहे ना. हनुमंतात मान कुठाय? तिथेच चूक कळायला हवी. "असतं" आहे क्लूमध्ये, किंमत असते ना, ती किंमत.

उभी रेघ, ११:१४
"असतं" चा मुद्दा बरोबर आहे, तो मी घाईत ओलांडला, कबूल. सकाळी डबे भरता भरता सोडवते मी. पण सूत्राचा मुद्दा ऐका. मीही नखशिखांत आल्यावर वर जात मोजायला लागले. टाच, घोटा, पंजा, कोपर, गाल, कान, केस, सात झाले. आठवा हवा. हनुमंतात बघितलं आणि आठवा मिळाला. हनु.

खोडरबर, ११:१५
अरेच्चा

भाऊ सातारकर, ११:१७
हाहाहा. गालाच्या खाली आणि कोपराच्या वर. जागा पण बरोबर!

आडमुठा, ११:२०
मी म्हटलं होतं हनुमानाबद्दल बोलत नाही. उगाच नव्हतं म्हटलं.

काळा चौकोन, ११:३३
पाच मिनिटं नुसता जाळीकडे बघत बसलो. हे मला दिसलंच नव्हतं. माझा बचाव काय तर १) असतं/असते, तो लिंगाचा धागा शाबूत आहे, आणि २) बाकीचे सगळे अवयव रोजच्या बोलण्यातले आहेत, केस कान गाल टाच, आणि हनु असं नुसतं कोण म्हणतं, हनुवटी म्हणतात. "माझी हनु दुखतेय" असं म्हटलं तर डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतील. म्हणून मान जास्त बरोबर. पण हे मी वकिलासारखं बोलतोय. कोड्याला एकच उत्तर असावं आणि ते जाळीतूनच सिद्ध व्हावं, सोडवणाऱ्याने माझ्या मनात शिरून ठरवायला लागू नये. मा ला उभा शब्द दिला असता तर प्रश्नच नव्हता. तिथे मी आळस केला.

ठाण्याची मावशी, ११:४०
एवढं मनाला लावून घेऊ नका हो. आमच्याकडे येणाऱ्या एका पेपरात (नाव नको) गेल्या महिन्यात आडवं उत्तर बळ आणि उभं उत्तर बाळंतीण आणि दोघांचा पहिला चौकोन एकच. ब की बा? मी दोन्ही लिहिलं, काना अर्धा काढला. त्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तरात पण तसंच छापलं, एका अक्षराचा काना छापायचाच विसरले म्हणजे भांडण मिटलं. तुम्ही निदान मात्रा सांभाळता.

नवशिक्या, ११:५२
मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा, पण मात्रा नाही सांभाळल्या तर काय बिघडतं? मला तर बरीच कोडी तशी दिसतात, कि आणि की एकच धरतात.

काळा चौकोन, दुपारी १२:१०
मूर्ख अजिबात नाही, हाच मराठी कोड्याचा खरा घोळ आहे. इंग्रजीत चौकोनात एक अक्षर, २६ अक्षरांचा खेळ. आपल्याकडे चौकोनात बसतं ते अख्खं अक्षर, म्हणजे व्यंजन, त्याची मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर असेल तर ते सगळं मिळून एक घर. क, का, कि, की, कं, क्य, सगळी वेगळी घरं. त्यामुळे शब्द लहान होतात आणि जुळवाजुळव भयंकर अवघड होते. मात्रा सोडून दिल्या की बनवणाऱ्याचं काम निम्मं होतं, पण मग सोडवणाऱ्याला क्रॉसिंगचा जो आधार मिळतो तोही निम्मा होतो. र मिळाला म्हणजे रा असेल, री असेल, रु असेल, काहीही असेल. मला ते पटत नाही.

आता आजची गंमत सांगतो. नखशिखांत सगळ्यात खालच्या ओळीत असायलाच हवं होतं, नखं पायाशी म्हणून. आणि जाळीत साधारण एकाआड एक घराला उभा शब्द देतात, म्हणजे न, शि, त. पण खालची ओळ म्हणजे तिथे येणारा प्रत्येक उभा शब्द तिथे संपणार. शि वर संपणारा मराठी शब्द सांगा.

भाऊ सातारकर, १२:१८
राशी, काशी, मिशी. ढीगभर आहेत की.

काळा चौकोन, १२:२१
सगळे दीर्घ. मला ह्रस्व शि हवाय.

आडमुठा, १२:२६
मिळणारच नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार उकार दीर्घ केला. "आणि", "नि" अशी मोजकी अव्ययं तेवढी सुटली. त्याआधीच्या पुस्तकांत राशि, कवि, गुरु असं ह्रस्व छापलेलं सापडेल, माझ्या आजोबांच्या पत्रांत तर सगळे कवि ह्रस्वच आहेत. म्हणजे तुमचं कोडं साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बनवलं असतं तर सुटलं असतं.

काळा चौकोन, १२:३१
बरोब्बर. दोन रात्री गेल्या त्या शि वर. जुनं राशि वापरायचा मोह झाला होता, पण मग नवशिक्याने राशी लिहून शिव्या घातल्या असत्या, आणि बरोबरच घातल्या असत्या. शेवटी शि च्या डोक्यावर काळा चौकोन ठेवला, आणि ख आणि त ला उभे शब्द दिले. तीच भानगड दुकानाच्या दु ची. वरून येऊन दु वर संपणारा शब्द नाही, म्हणून दु ला शब्दाच्या सुरुवातीला तरी ठेवायचा नाहीतर पोटात तरी. मराठी जाळीत ह्रस्व अक्षरं उजवीकडच्या आणि खालच्या कडेला नकोत, हे मी आता भिंतीवर लिहून ठेवलंय.

उभी रेघ, १२:४०
खां च्या डोक्यावर पण काळा आहे. तिथे?

काळा चौकोन, १२:४३
खां वर संपणारा शब्द सुचला नाही.

ठाण्याची मावशी, १२:४७
करीमखां! किराणा घराण्याचे, मिरजेचे. माहेर मिरज आहे माझं, दर्ग्यातल्या उरुसाला रात्र रात्र गाणं ऐकलंय.

काळा चौकोन, १२:५२
मावशी नमस्कार. पण अब्दुल करीम हे नाव, खां वेगळं, एकत्र घातलं तर आडमुठे मला जिवंत ठेवणार नाहीत. आणि कोणी खान लिहिणार, कोणी खाँ चंद्रबिंदूचं.

आडमुठा, १२:५४
ठेवला नसता.

वाचनमात्र, दुपारी १:२०
चार वर्षं इथे नुसता वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. मला आज पंगतीने पंजाब मिळालं ते सांगायचं होतं. १७ उभा "वदनी कवळपासून सावकाश होऊ द्या पर्यंत (३)". क्लू वाचल्या वाचल्या आमच्या गावचं लग्न डोळ्यासमोर आलं, जमिनीवर पट्ट्या, पत्रावळीला द्रोण टेकवायचा म्हणून भाताचा ढीग, आणि एक काका बादली घेऊन पळत "मठ्ठा मठ्ठा" ओरडत. पंगत लिहिलं आणि पं वरून पंजाब आपोआप झालं. नुसतं "जेवणाची रांग" असा क्लू असता तरी पंगतच आली असती, पण मग मी इथे लिहायला आलो नसतो.

खोडरबर, १:२६
अहो चार वर्षं काय करत होतात, लिहीत जा की. आणि १:२० ही वेळ बघता जेवताना लिहिलंय हे उघड आहे.

जर्सीकर, संध्याकाळी ५:१०
आमच्याकडे आत्ता सकाळ झाली. सगळं वाचलं, हनुमंत प्रकरण तर दोनदा. काळा चौकोन, तुम्ही नकळत जे केलंत ते इथे एकाने मुद्दाम केलं होतं आणि ते आजही लोकांच्या लक्षात आहे.

५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, क्लिंटन विरुद्ध बॉब डोल. त्या दिवशीच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या कोड्यात मधोमध क्लू होता, उद्याच्या पेपरची मुख्य बातमी, आणि उत्तर दोन तुकड्यांत, त्यातला दुसरा तुकडा इलेक्टेड. पहिल्या तुकड्यात सात घरं. क्लिंटन बसतं, इंग्रजी स्पेलिंगची सात अक्षरं. लोक खवळले, मतदान चालू असताना पेपर निकाल कसा लावतो म्हणून संपादकांना फोन गेले. पण बॉबडोलची पण सातच अक्षरं! आणि त्या सात घरांतून जाणारे सातही उभे शब्द दोन्ही बाजूंनी बरोबर. हॅलोविनचा काळा प्राणी, कॅट म्हणा की बॅट म्हणा. शिवणकामाच्या दुकानातली खरेदी, यार्न म्हणा की यार्ड म्हणा. असे सात. जेरेमाया फॅरेल नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, त्यांनी बनवलेलं, आणि विल शॉर्ट्झ संपादक. ज्याने जे लिहिलं ते त्याच्यापुरतं बरोबर.

मी तेव्हा इथे नव्हतो, पण ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने ते कात्रण जपून ठेवलेलं, त्याने दाखवलं. त्याने बॉबडोल लिहिलेलं होतं, पेनाने.

उभी रेघ, ५:२२
म्हणजे माझं हनुमंत ऐतिहासिक आहे.

आडमुठा, ५:३०
तिथे सात घरांत सात दुहेरी क्लू मुद्दाम रचले होते, आणि दोन उत्तरं असणं हेच त्या दिवसाचं सूत्र होतं. मतदान संपायचं होतं, निकाल कोणालाच माहीत नव्हता, म्हणून कोड्यालाही माहीत नव्हता. इथे एका ठिकाणी आळस आणि एका ठिकाणी योगायोग. दोन्हीला एका पंगतीत बसवू नका. हनुमान-हनुमंत ही एकाच व्यक्तीची दोन नावं आहेत, त्यात निवडणूक कसली?

जर्सीकर, ५:३८
मान्य. पण सोडवणाऱ्याला जो धक्का बसतो ना, की अरे माझं सगळं भरलंय, सगळं जुळतंय आणि शेजारच्याचं वेगळंच आहे आणि तेही जुळतंय, तो सेमच की. खरं सांगतो, आजचा धागा वाचून मला मूळ कोड्यापेक्षा जास्त मजा आली.

खोडरबर, ५:४५
माझे सासरे रोज पेपरचं कोडं सोडवतात, ते ह्याच्या सक्त विरोधात असतील. त्यांचा नियम, पेन्सिल नाही, पेनच, आणि अक्षर लिहिलं म्हणजे लिहिलं. अडलेल्या शब्दाच्या चौकोनात ते एक बारीक टिंब देतात, म्हणजे "उत्तर येतंय पण लिहिणार नाही". मी एकदा चुकून एक टिंबाचा शब्द भरला तर दोन दिवस बोलले नव्हते. आज संध्याकाळी त्यांना हे कोडं प्रिंट काढून देतो, बघू हनुमान येतो का हनुमंत.

काळा चौकोन, ७:०५
बरं, दुरुस्ती. जुनी पानं चाळणाऱ्यांसाठी ८ उभ्याचा क्लू बदलतोय. नवा क्लू, "काट्यावर कळतं, उपासाने उतरतं म्हणतात (३)". आता किंमत बसणार नाही.

उभी रेघ, ७:११
काट्यावर किंमतही कळते हो, रद्दीवाल्याच्या. पण उपासाने उतरत नाही, म्हणून सोडते.

ठाण्याची मावशी, ७:१८
उपासाने उतरतं हे कोणी सांगितलं? साबुदाण्याने?

भाऊ सातारकर, ७:२६
मावशींनी नवीन क्लू पण पाडला.

काळा चौकोन, ७:३०
"म्हणतात" लिहिलंय मावशी, म्हणतात.

खोडरबर, रात्री ९:१२
निकाल. सासऱ्यांनी सगळं सोडवलं, चाळीस मिनिटं. १२ आडव्यात पहिली दोन अक्षरं पेनाने आणि पुढच्या दोन घरांत दोन टिंबं. विचारलं तर म्हणाले, दोन्ही येतात, उद्या उत्तर बघू. नखशिखांतबद्दल मात्र काही बोलले नाहीत, नुसते एकदा स्वतःच्या टाचेकडे बघितलं.

काळा चौकोन, ९:२०
त्यांना सांगा उद्याचं सकाळी सातला टाकतोय. आणि मा ला उभा शब्द असेल.